बीजमाता की बीजसंग्राहिका?

सुरतेस कतारगाम दरवाज्यानजीक डच लोकांची जुनी दफनभूमी आहे. तीत एक दुमजली, घुमटाचे थडगे इतरांहून उठून दिसते. ते हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याचे. मलबारात डच कंपनीचा कारभारी असताना त्याने 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध करविला. तो आम्सटरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापून निघाला. परंतु शेवटचा खंड पाहणे ग्रंथकर्त्याच्या नशिबी नव्हते. १६९१ च्या डिसेंबरात मुंबईनजीक जहाजावर त्यास मृत्यू आला आणि देह सुरतेस आणून पुरण्यात आला. विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही तेथे जातो तेव्हा त्यांचे लक्ष घुमटाकडे असते. आम्हांस मात्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील एक पान आठवते. त्यावर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या तिघा कोंकणी वैद्यांचा १६७५ सालचा दाखला नागरी अक्षरांत कोरून छापलेला आहे. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचाही दाखला तेथे आहे. वनस्पतींचे गुण आम्ही सांगितले, असे हे लोक आपापल्या नावाने, आपापल्या लिपीत सांगतात. परदेशी सत्ताधीशाने आपल्या माहितगारांस ग्रंथाच्या दाराशी असे उभे करावे, ही सतराव्या शतकातील लहान गोष्ट नव्हे.

याच शहराचे नाव पुढे वनस्पतिशास्त्रात वेगळ्या वाटेने शिरले. लिनिअसने १७५३ साली जास्वंदीच्या कुळातील एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या वनस्पतीस 'हिबिस्कस सुरातेन्सिस' म्हटले. १७६८ साली निकोलास बर्मन याने आपल्या काढ्यांतील परिचित भुईरिंगणी 'सोलानम सुरातेन्से' या नावाने नोंदविली. या दोघांनीही हिंदुस्थान पाहिला नव्हता. नावात बंदर राहिले. रोपटे कोणी उपटले, ते कशावर चालते हे कोणी सांगितले, याचा मागमूस नावात नाही. (भुईरिंगणीच्या बाबतीत तर बंदरही गेले. अलीकडचे शास्त्रज्ञ तिला लिनिअसच्याच एका जुन्या नावाखाली घालतात, आणि त्या नावात अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांत आहे. आमच्या कुंपणाकडेची भुईरिंगणी अशी कागदोपत्री परदेशी झाली.)

संग्राहकाचे नाव राखणारा कागद आणि ते गाळणारा कागद, असे हे दोन प्रकार. तिघा कोंकणी वैद्यांच्या आणि अच्युतनाच्या त्या दाखल्यांतही एकाही स्त्रीचे नाव नाही, हे येथेच सांगून ठेवतो. हा भेद आमच्या मनात पुन्हा जागा झाला तो राहीबाई पोपेरे यांच्याविषयी गेल्या काही वर्षांत मराठीत जे लिहिले गेले ते एका बैठकीत वाचीत असता. वृत्तपत्रांतील परिचय, दिवाळी अंकांतील लेख, गौरवसमारंभांतील मानपत्रे, मुलांसाठी लिहिलेली छोटी चरित्रे, असा हा पसारा आहे. विषय मोठा, लेखकांची श्रद्धा निखालस. आणि तरीही वाचून संपल्यावर या बाईंनी नेमके काय केले हे आम्हांस सांगता येईना. हा दोष आमच्या आकलनाचा की त्या लेखनाच्या घडणीचा, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वृत्तान्त. राहीबाईंचा जन्म १९६४ चा, महादेव कोळी समाजातला. गाव कोंभाळणे, तालुका अकोले, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. कळसूबाईच्या परिसरातील हा डोंगराळ, भाताचा, नाचणी-वरईचा मुलूख. शाळेत त्या गेल्या नाहीत. परसबागेत आणि शेतात त्यांनी स्थानिक भाताचे, वालाचे, भाज्यांचे वाण जमविले, पेरून राखले, आणि घरात त्यांची बियाणे-बँक उभी केली. या कामी त्यांस 'बाएफ' या संस्थेची साथ मिळाली. तिचे संस्थापक मणिभाई देसाई हे याच सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचे. गांधीजींबरोबर १९४६ साली ते उरुळीकांचनला गेले, तेथेच राहिले आणि १९६७ साली त्यांनी ही संस्था काढली. सुरतेचा माणूस महाराष्ट्रात जाऊन रुजला आणि त्याने लाविलेल्या झाडाची सावली अकोल्याच्या डोंगरापर्यंत पोहोचली, याचा आम्हां सुरतकर मराठी मंडळींस थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी तो क्षम्य मानावा. राहीबाईंचे नाव २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आले, २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार त्यांस मिळाला, आणि २०२० सालची पद्मश्री २०२१ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपतिभवनात प्रदान झाली.

आता हाच वृत्तान्त लेखांतून कसा मांडला जातो ते पाहावे. आरंभ बहुधा 'शाळेची पायरीही न चढलेल्या' या शब्दांनी किंवा त्यांच्या एखाद्या भावंडाने होतो. मग नातवाचा आजार येतो. फवारणीच्या भाजीपाल्यामुळे तो झाला या जाणिवेतून बाई देशी बियाण्याकडे वळल्या असे सांगितले जाते. मग गावकऱ्यांची उपेक्षा. मग थोरामोठ्यांचे येणे. मग दिल्ली. शेवटी 'बीजमाता' ही पदवी. नातवाच्या आजाराची हकीकत खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती बाईंच्या तोंडून आल्याचेच सर्वत्र छापलेले आहे. आमचा आक्षेप तिच्या जागेविषयी आहे. वीस-पंचवीस वर्षांचे संथ काम एका दुखण्याच्या रात्रीवर टांगले म्हणजे वाचकास ते चटकन कळल्यासारखे वाटते आणि मुळीच कळत नाही.

ही घडण आली कोठून? मराठी वाचकास ती नवी नाही. नगर जिल्ह्यातल्याच ताहराबादच्या महिपतीने १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला, तेव्हापासून तरी ती आपल्या कानांत मुरलेली आहे. दीन अवस्था, एक धक्का, लोकांची निंदा, सत्त्वपरीक्षा, आणि शेवटी राजाने किंवा देवाने दिलेली साक्ष: संतचरित्राचा हा साचा फार सामर्थ्यवान आहे, आणि संतांच्या बाबतीत तो सार्थही आहे, कारण तेथे सांगावयाचे असते ते अंतःकरणाचे परिवर्तन. परंतु संग्राहकाच्या आयुष्यात परिवर्तन हा मुख्य विषय नसतो. पुनरावृत्ती हा असतो. राष्ट्रपतिभवनास राजदरबाराची जागा दिली आणि नातवाच्या आजारास धक्क्याची, म्हणजे लेख उभा राहतो. मधली वर्षे मात्र त्यात मावत नाहीत.

आणि सगळे कर्तृत्व त्या मधल्या वर्षांतच आहे. बियाणे राखणे म्हणजे काय, याचा थोडा विस्तार येथे करणे आम्हांस भाग आहे, कारण जे लेख आम्ही वाचले त्यांपैकी फार थोड्यांनी तो केला आहे. वनस्पतिसंग्रहालयात कागदावर चिकटविलेले वाळके रोप कीड-दमटपणापासून जपले तर दोनशे वर्षे टिकते. बियाण्याचे तसे नाही. ते जिवंत असते, म्हणून मरतेही. मडक्यात ठेवलेला वालाचा दाणा काही वर्षांनी उगवेनासा होतो; तेव्हा संग्रह टिकवावयाचा तर तो पुन्हा पुन्हा मातीत घालून पुन्हा पुन्हा काढावा लागतो. प्रत्येक पेरणी ही संग्रह गमावण्याचीही संधी असते: पाऊस ओढ देतो, ढोरे शिरतात, दोन वाण जवळ पेरल्याने मिसळतात. वाल आणि भात बहुतांशी आपल्याच परागाने फळतात, म्हणून त्यांची शुद्धता राखणे त्या मानाने सोपे; मक्याचा पराग वाऱ्यावर जातो, तेथे दोन वाणांत अंतर किंवा पेरणीच्या वेळेत फरक ठेवावाच लागतो. मग निवड. कोणता वेल रोगास बळी पडला नाही, कोणाच्या शेंगा आधी भरल्या, कोणत्या शेंगा वेलावरच वाळू द्यावयाच्या आणि कोणत्या भाजीस तोडावयाच्या, हे उभ्या पिकात ठरते. खळ्यावर ठरवू म्हटले तर उशीर झालेला असतो. मग उन्हात वाळविणे, राखेत घोळणे. राख ओल शोषते आणि भुंग्यास अटकाव करते, हे शास्त्र आहे. ते पाटीवर लिहिलेले नव्हते एवढेच. हे सर्व करणाऱ्या व्यक्तीस अनेक वाणांची अनेक वर्षांची वागणूक स्मरणात ठेवावी लागते. प्रयोगवही नसलेला हा प्रयोग आहे.

संग्रहातील वाणांचा आकडा हाही असाच एक फसवा तपशील. कोठे तो चाळीसच्या वर दिला आहे, कोठे शंभराच्या वर, कोठे दीडशेच्या. संग्रह वाढत गेला हे त्याचे एक सरळ कारण असेल; परंतु एकाही लेखकास हा फरक लिहिण्याजोगा वाटला नाही. वाण म्हणजे काय? पांढऱ्या शेंगेचा वाल आणि जांभळ्या कडेचा वाल हे दोन वाण की एक? काळभात आणि रायभोग यांत शेतकरी स्त्री फरक करते तो कशावरून: दाण्यावरून, वासावरून, पिकण्याच्या मुदतीवरून, की शिजल्यावरच्या चवीवरून? हे प्रश्न विचारले असते तर आकड्याच्या जागी ज्ञान आले असते. आपल्या भाषेत 'वाण' हा शब्द किती सुंदर रीतीने दोन घरी नांदतो पाहा: शेतात तो बियाण्याची जात होतो आणि संक्रांतीस सवाष्णींच्या हाती देण्याघेण्याची वस्तू. अकोल्याच्या डोंगरात बायकांनी बियाणे माहेराहून सासरी, शेजारणीकडून शेजारणीकडे नेले असेल तेव्हा ते दोन्ही अर्थांनी वाणच होते. कोणत्याही गौरवलेखकास हा श्लेष सुचू नये याचे आम्हांस नवल वाटले.

'बीजमाता' या पदवीविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी आदराने वापरलेल्या इंग्रजी शब्दापासून ती रूढ झाली असे सांगतात; त्या आदराविषयी आम्हांस शंका नाही. बाईंनीही ती स्वीकारली आहे. आपल्या परंपरेत मातेहून थोर पद नाही, तेव्हा आक्षेप कसला, असे आमच्या एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी विचारले, आणि त्यांचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. आमचे उत्तर इतकेच की, माता होण्यासाठी निवड करावी लागत नाही, तुलना करावी लागत नाही, चूक होऊन ती सुधारावी लागत नाही. निदान आपल्या गौरवपर भाषेत तरी माता हे सर्व करीत नाही, ती केवळ वात्सल्याने देते. राहीबाईंचे काम वात्सल्याने झाले असेलही, पण ते पारखीने झाले आहे. पुरुष शास्त्रज्ञाने हजार वाण जमविले तर त्यास आपण बीजपिता म्हणत नाही; संग्राहक म्हणतो. पद्मश्रीच्या त्याच समारंभमालेत कर्नाटकातील अंकोला भागातल्या तुलसी गौडा यांचाही गौरव झाला. वनखात्याच्या रोपवाटिकेत त्यांचे आयुष्य गेले. वृत्तपत्रे मात्र त्यांच्या अनवाणी पायांवर खिळून राहिली. वनशास्त्रात 'मातृवृक्ष' अशी एक संज्ञा आहे: ज्या निरोगी, जोमदार झाडापासून बी घ्यावयाचे ते झाड. तो वृक्ष हेरण्यात तुलसीबाईंचा हातखंडा होता असे सांगतात. तेथे मातृत्व झाडाकडे आहे आणि पारख बाईंकडे. आमच्या मते ही वाटणी योग्य आहे.

शिकलेल्या स्त्रीच्या वाट्यास तरी याहून बरे लेखन येते काय? ई. के. जानकी अम्माळ यांचे उदाहरण घ्यावे. तेल्लिचेरीस १८९७ साली जन्म, १९३१ साली मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट, कोइमतूरला उसावर संशोधन, १९४५ साली डार्लिंग्टन यांच्यासह 'क्रोमोसोम ॲटलस ऑफ कल्टिव्हेटेड प्लँट्स' हा ग्रंथ, विस्ले येथील बागेत मॅग्नोलियावर काम, आणि १९५१ साली नेहरूंच्या बोलावण्यावरून परत येऊन भारतीय वनस्पति-सर्वेक्षणाची पुनर्रचना. १९५५ साली प्रिन्स्टन येथे पृथ्वीवर मानवाने घडविलेल्या बदलांविषयी मोठा परिसंवाद झाला, त्यात त्या एकट्याच स्त्री होत्या. आणि तेथे त्यांनी निबंध वाचला तो भारतातील निर्वाहापुरत्या शेतीच्या अर्थव्यवस्थेवर. उसाच्या गुणसूत्रांची तज्ज्ञ बाई डोंगरातल्या अन्नाविषयी बोलली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. १९८४ साली त्या वारल्या. त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र यावयास त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. पण ते आले तेव्हा पत्रे, टिपणे, प्रबंध यांच्या आधाराने आले, कारण कागद मागे होते. राहीबाईंच्या बाबतीत कागद नाहीत. स्मरण आहे, आणि ते सांगणारी व्यक्ती आपल्यात आहे. चाळीस वर्षे वाट पाहण्याची चैन येथे परवडणार नाही.

कायदा या बाबतीत साहित्याच्या पुढे गेला आहे, ही थोडी लाजिरवाणी गोष्ट. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ सालचा अधिनियम शेतकऱ्यास वाण जतन करणारा आणि निर्माण करणाराही मानतो, आणि शेतकऱ्याच्या वाणाची नोंद होऊ देतो. नोंदीसाठी विचारावे लागते: वाणाचे नाव काय, कोठला, लक्षणे कोणती, इतरांहून वेगळा कसा. हेच प्रश्न चरित्रकाराने विचारावेत यापलीकडे आमची मोठी मागणी नाही.

मग चरित्र लिहावे कसे? याचे एक उत्तर खुद्द मराठीतच आहे, आणि ते तापीच्या काठचे आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या म्हणत ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातली मंडळी टिपून ठेवीत. १९५१ च्या डिसेंबरात त्या निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. समजा, सोपानदेवांनी शब्द टिपण्याऐवजी आपल्या आईच्या कवित्वशक्तीवर एक भावपूर्ण लेख लिहून ठेवला असता. आपल्याला त्या थोर स्त्रीविषयी आदर वाटला असता आणि तिची एक ओळही मिळाली नसती. अशी कल्पना करवत नाही; पण बियाण्याच्या बाबतीत आपण नेमके तेच करीत आहोत. आदर पुष्कळ जमला आहे, शब्द जमविलेले नाहीत. बहिणाबाईंचा मजकूर खानदेशी बोलीत राहिला, प्रमाण भाषेत घोटून घेतला नाही, हेही येथे महत्त्वाचे आहे. अकोल्याच्या बोलीतील दाण्याच्या रंगाचे, शेंगेच्या घडीचे, कोंभाच्या जोमाचे शब्द हेच त्या ज्ञानाचे शरीर आहे. 'देशी बियाण्याचे संवर्धन' असे म्हटले की ते शरीर गळून पडते.

रचनेविषयीही एक सूचना करावीशी वाटते. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने १९५६ साली दाखवून दिले की मराठी गद्य महिन्यामहिन्याने चालू शकते आणि तरीही त्याची गती राहते. संग्राहिकेचे चरित्र त्या चालीने लिहून पाहावे: मृगापूर्वी मडकी उघडणे, श्रावणात वेल चढणे, मार्गशीर्षात शेंगा वाळणे, आणि पुन्हा मडकी. पुरस्कार त्यात कोठेतरी एका महिन्यात येऊन जाईल. वाचकास कंटाळा येईल, अशी भीती संपादक घालतील. ती खरी ठरण्याचा संभव आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु कंटाळा हा त्या कामाचाही भाग आहे, आणि तो कोणी सोसला हे कळण्यास थोडा वाचकाने सोसावा.

सुरतेच्या मराठी शाळांत येणारी बहुसंख्य मुले खानदेशातून यंत्रमागांवर आलेल्या कुटुंबांतील. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती. गेल्या वर्षी आम्ही त्यांस निबंधाऐवजी एक काम दिले: घरात गावाकडचे बियाणे असेल तर आणावे, आणि कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात, म्हणजे घरातले नाव, कोठून आले, कोणाकडून, आणि ओळखावे कसे. बहुतेकांनी मेथी आणि धने आणले, तेही वाण्याच्या पुडीतले. एका मुलीने मात्र चिंधीत बांधलेले वालाचे सात दाणे आणले. उधन्याच्या चाळीत गॅलरीतल्या डब्यात तिची आजी ते दरवर्षी लावते. कागद मुलीच्या अक्षरात होता, शब्द आजीचे होते. कोणाकडून, या प्रश्नापुढे लिहिले होते: 'नणंदेच्या सासूकडून. तिला तिच्या आईने दिले. आईचे नाव विचारून सांगते.'